शीतवाहनातील तापमान-सेन्सर : विद्युत दोषाचे क्रमबद्ध निदान

काढणीनंतरही फळे व भाजीपाला सजीव असतात. त्यांचे श्वसन सुरू असते आणि या श्वसनाचा वेग प्रामुख्याने तापमानावर अवलंबून असतो. बागेतून निघालेला माल दूरच्या बाजारपेठेत पोहोचेपर्यंत योग्य तापमानात राहावा यासाठी अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या व प्रगतिशील बागायतदार आता वातानुकूलित वाहनांचा, म्हणजेच शीतवाहनांचा वापर करीत आहेत. अशा वाहनातील यंत्रणा कितीही सक्षम असली तरी तिला मालाचे तापमान थेट कळत नाही. तिला कळतो तो सेन्सरने पाठविलेला विद्युत संकेत. हा संकेत चुकला, तर उत्तम स्थितीतील यंत्रणाही चुकीचे काम अत्यंत काटेकोरपणे करीत राहते.

केळीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हिरव्या केळीची वाहतूक साधारणपणे १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात केली जाते. तापमान यापेक्षा बराच काळ खाली राहिल्यास फळाला शीतइजा होते. सालीवर करडी, निस्तेज छटा येते, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि फळ समान पिकत नाही. तापमान वर राहिल्यास फळ वाहनातच पिकू लागते. याचा अर्थ दोन्ही बाजूंना केवळ काही अंशांची मोकळीक आहे, आणि सेन्सरच्या तारेतील लहानसा दोष ही मोकळीक सहज संपवू शकतो. शीतइजेची लक्षणे बहुधा माल उतरवून पिकविण्यास ठेवल्यानंतर दिसतात. तोपर्यंत दोषाचे मूळ शोधण्याची वेळ निघून गेलेली असते.

असा दोष आढळल्यास प्रत्यक्षात दोनच उपाय सर्रास योजले जातात : गॅस भरणे किंवा सेन्सर बदलणे. मोजमाप न करता केलेल्या या दोन्ही उपायांवर खर्च होतो, दोष मात्र बहुतेक वेळा तारेत किंवा जोडात तसाच राहतो. साधा डिजिटल मल्टिमीटर, बर्फ आणि थोडा संयम यांच्या साहाय्याने हा दोष नेमका कसा ओळखता येतो, याचे विवेचन या लेखात केले आहे.

यंत्रणा एक, उपयोग अनेक

मोटारीतील वातानुकूलन, ट्रॅक्टरच्या बंद केबिनमधील वातानुकूलन आणि लहान शीतवाहनातील शीतकरण यांचे तत्त्व एकच आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, प्रसरण झडप आणि कूलिंग कॉइल या चार घटकांतून शीतक वायू फिरतो. तापमान किती आहे हे सेन्सर कळवितो आणि त्यानुसार नियंत्रक कॉम्प्रेसरचा क्लच जोडतो किंवा सोडतो.

मोटार व ट्रॅक्टर केबिनमध्ये तापमान-सेन्सर बहुधा कूलिंग कॉइलच्या पात्यांमध्ये खोचलेला असतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तापमान शून्याच्या जवळ आल्यावर कॉम्प्रेसर थांबविणे हे त्याचे मुख्य काम होय. शीतवाहनात मालावरून परत येणाऱ्या हवेचा सेन्सर महत्त्वाचा असतो. काही यंत्रणांत आत सोडल्या जाणाऱ्या थंड हवेसाठी आणि बर्फ वितळविण्याच्या चक्रासाठी स्वतंत्र सेन्सर असतात. याखेरीज शीतक वायूचा दाब पाहणारा स्विच किंवा दाब-सेन्सर असतो.

सेन्सरचे तीन प्रकार

पहिला व सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ऋण तापगुणांकाचा थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा विद्युत रोध कमी होतो. २५ अंशांना १० किलोओम रोध असलेल्या एका प्रचलित श्रेणीच्या थर्मिस्टरचे अंदाजे आकडे पुढीलप्रमाणे असतात :

- ० अंश : ३२.७ किलोओम
- ५ अंश : २५.४ किलोओम
- १० अंश : १९.९ किलोओम
- १३ अंश : १७.३ किलोओम
- २० अंश : १२.५ किलोओम
- २५ अंश : १०.० किलोओम
- ३० अंश : ८.१ किलोओम

इतर श्रेणींचे आकडे वेगळे असतात. त्यामुळे आपल्या यंत्रणेच्या पुस्तिकेतील तक्ता हाच प्रमाण मानावा.

दुसरा प्रकार प्लॅटिनम सेन्सरचा. पीटी-१०० या सेन्सरचा रोध ० अंशाला १०० ओम असतो आणि प्रत्येक अंशामागे तो सुमारे ०.३८५ ओमने वाढतो. पीटी-१००० मध्ये हेच आकडे दहापट असतात. थर्मिस्टरच्या उलट, येथे तापमानाबरोबर रोध वाढतो.

तिसरा प्रकार तीन तारांच्या दाब-सेन्सरचा. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संकेत अशा तीन तारा असतात. संकेत सामान्यतः ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान असतो. संकेत या मर्यादेबाहेर गेल्यास वायूचा दाब नव्हे, तर विद्युत जोडणी प्रथम संशयास्पद मानावी.

नियंत्रक तापमान कसे वाचतो?

थर्मिस्टरच्या बाबतीत नियंत्रक ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा आपल्यातील एका ठरावीक रोधातून सेन्सरकडे देतो. सेन्सरची दुसरी तार अर्थला जोडलेली असते. या दोन रोधांत व्होल्टेजची विभागणी होते आणि मधल्या बिंदूवरील व्होल्टेज नियंत्रक मोजतो. अंतर्गत रोध १० किलोओम मानल्यास वरील थर्मिस्टरसाठी २५ अंशांना २.५ व्होल्ट, १३ अंशांना सुमारे ३.१७ व्होल्ट आणि ० अंशाला सुमारे ३.८३ व्होल्ट मिळतात.

यावरून दोन टोकाचे दोष लगेच ओळखता येतात. तार तुटल्यास संकेत ५ व्होल्टवर जातो. नियंत्रकाच्या दृष्टीने तो कडाक्याचा गारठा असतो आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्यास संकेत शून्यावर येतो. नियंत्रकाला तो प्रचंड उष्मा वाटतो. आधुनिक नियंत्रक अशा अशक्य आकड्यांना दोष म्हणून नोंदवितात, मात्र साध्या नियंत्रकात ही सोय नसते. मोटार किंवा ट्रॅक्टर केबिनमध्ये कॉइलच्या सेन्सरची तार तुटल्यावर कॉम्प्रेसर जोडला जात नाही आणि 'गॅस संपला' असा निष्कर्ष काढला जातो, त्याचे कारण हेच आहे.

अर्धवट दोष अधिक घातक

पूर्ण तुटलेली तार निदान स्वतःला प्रकट तरी करते. आकडा पटण्याजोगा दिसतो, पण चुकीचा असतो, तेव्हा नुकसान अधिक होते. असे दोष प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत.

पहिला, जोडातील वाढीव रोध. कनेक्टरच्या पिनांवर ओलाव्यामुळे कळंक धरतो, पिना सैल होतात किंवा पिळून टेप गुंडाळलेला जोड आतून काळा पडतो. हा रोध सेन्सरच्या रोधात मिळविला जातो. थर्मिस्टरच्या परिपथात असा २ किलोओमचा रोध आला, तर प्रत्यक्ष १३ अंश असताना पडद्यावर सुमारे १०.७ अंश दिसतात. नियंत्रक पडद्यावरील १३ अंश राखण्याचा प्रयत्न करतो आणि माल प्रत्यक्षात साडेपंधरा अंशांच्या आसपास राहतो.

हाच दोष प्लॅटिनम सेन्सरमध्ये उलटा परिणाम करतो. पीटी-१०० च्या परिपथात केवळ २ ओमचा वाढीव रोध आला, तरी तापमान सुमारे ५ अंशांनी अधिक दिसते. नियंत्रक कॉम्प्रेसर चालवीत राहतो आणि १३ अंशांवर ठेवलेली केळी प्रत्यक्षात ८ अंशांच्या जवळ पोहोचते. थर्मिस्टरमध्ये मात्र २ ओमचा परिणाम जाणवतही नाही. म्हणून कोणता सेन्सर बसविला आहे हे जाणून घेतल्याशिवाय केलेले निदान अपुरे ठरते. तीन तारांच्या पीटी-१०० जोडणीत तारांचा स्वतःचा रोध वजा केला जातो. परंतु तिन्ही तारांचा रोध समान असेल तरच ही वजाबाकी अचूक ठरते. एकाच पिनेवर कळंक धरल्यास तिचा उपयोग राहत नाही.

दुसरा दोष ओलाव्यातून होणाऱ्या गळतीचा. वाहन धुताना, बर्फ वितळताना किंवा भेगाळलेल्या आवरणातून पाणी शिरल्यास दोन तारांमध्ये प्रवाहाला आडवाट मिळते. थर्मिस्टरच्या दोन तारांत १५० किलोओमची अशी आडवाट निर्माण झाल्यास १३ अंशांऐवजी सुमारे १५.३ अंश दिसतात. नियंत्रक अधिक थंडावा देतो व माल साडेदहा अंशांपर्यंत उतरतो. पीटी-१०० चा रोध मुळातच कमी असल्याने त्याच्यावर या गळतीचा परिणाम नगण्य असतो. पाऊस पडल्यावर किंवा वाहन धुतल्यानंतर आकडा बिघडतो व दुपारच्या उन्हात सुधारतो, अशी चालकाची तक्रार असल्यास प्रथम गळतीकडे पाहावे.

याशिवाय अर्थच्या जोडातील दोष वेगळ्या खुणेने ओळखता येतो. सेन्सरची व कॉम्प्रेसरच्या क्लचची अर्थ एकाच गंजलेल्या बोल्टवरून जात असल्यास क्लच जोडला जाताच आकडा अचानक बदलतो. १२ व्होल्टच्या वाहनात क्लचची कॉइल साधारण ३ ते ४ अँपिअर प्रवाह घेते. जोडात ०.१ ओम रोध असेल तर तेथे ०.३ ते ०.४ व्होल्ट खर्ची पडतात. वरील थर्मिस्टरच्या बाबतीत यामुळे तापमान सुमारे २ ते २.५ अंशांनी कमी दिसते. परिणामी क्लच सुटतो, आकडा पुन्हा वर येतो, क्लच पुन्हा जोडला जातो आणि कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होतो.

निदानाचे टप्पे

तपासणीपूर्वी वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक लावावा. इंजिन चालू असताना पट्टे व पंख्यांपासून हात, कपडे आणि मीटरच्या तारा दूर ठेवाव्यात. वाहन उभे असताना विजेवर चालणारी पर्यायी मोटर असल्यास तिचा पुरवठा पूर्णपणे तोडावा. त्या भागाची तपासणी केवळ परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

१. स्वतंत्र तापमापकाशी तुलना. विश्वासार्ह डिजिटल तापमापक सेन्सरच्या शेजारी ठेवून, दार बंद करून १५ ते २० मिनिटे थांबावे. पडद्यावरील आकडा व तापमापकाचा आकडा जुळत असेल आणि तरीही थंडावा कमी असेल, तर दोष सेन्सरचा नाही. मग वायूगळती, मळलेला कंडेन्सर, सैल पट्टा किंवा दाराचे फाटलेले रबर यांकडे वळावे. दोन्ही आकड्यांत तफावत असल्यास पुढील टप्पे घ्यावेत.

२. पुरवठ्याची तपासणी. बॅटरीचे व्होल्टेज, संबंधित फ्यूज व रिले तपासावे. फ्यूज केवळ डोळ्यांनी न पाहता त्याच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजावे.

३. डोळसपणे निरीक्षण. सेन्सरपासून नियंत्रकापर्यंत तार हाताने चाचपत जावे. पत्र्याच्या कडेवर घासलेली जागा, उंदरांनी कुरतडलेले आवरण, जुने जोड, हिरवट पिना आणि पाणी साचलेला कनेक्टर या गोष्टी येथेच सापडतात.

४. कनेक्टर सोडून कसोटी. दोन तारांच्या थर्मिस्टरचा कनेक्टर सोडल्यावर पडद्यावरील आकडा अतिथंड टोकाला जावा किंवा दोषसूचना यावी. त्यानंतर नियंत्रकाकडील दोन तारा क्षणभर जोडल्यास आकडा अतिउष्ण टोकाला जावा किंवा दोषसूचना बदलावी. असे झाल्यास त्या तारा तुटलेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. तीन तारांच्या दाब-सेन्सरवर ही कसोटी कदापि करू नये. पुरवठ्याची तार अर्थला लागल्यास नियंत्रक निकामी होऊ शकतो.

५. ज्ञात रोधाची कसोटी. सेन्सरच्या जागी १० किलोओमचा, एक टक्का अचूकतेचा रोधक जोडावा. वरील श्रेणीसाठी पडद्यावर २५ अंश दिसले पाहिजेत. ३३ किलोओमचा रोधक जोडल्यास शून्याच्या जवळचा आकडा यावा. आकडे बरोबर आले, तर तारा व नियंत्रक निर्दोष असून संशय सेन्सर किंवा त्याच्याकडील पिनांवर येतो. आकडे चुकले, तर तोच रोधक थेट नियंत्रकाजवळील टोकाला जोडून पाहावा. तेथे आकडा बरोबर आला, तर दोष मधल्या तारेत आहे. ही एकच कसोटी निम्मे निदान पूर्ण करते.

६. बर्फाच्या पाण्यातील कसोटी. स्वच्छ बर्फाचा चुरा भांड्यात भरून तो जेमतेम भिजेल इतकेच स्वच्छ पाणी घालावे. मिश्रण ढवळून सेन्सरचे टोक मध्यभागी, तळाला व कडेला न टेकता ठेवावे. सुमारे १० मिनिटांनी कनेक्टरपासून विलग केलेल्या सेन्सरचा रोध मोजावा. तो पुस्तिकेतील ० अंशाच्या आकड्याशी जुळला पाहिजे. मोजताना पिनांना बोटे लावू नयेत. शरीराचा रोध मापनात मिसळतो.

७. तारेचा रोध व विलगता. तार दोन्ही टोकांना सोडवून प्रत्येक वाहकाचा रोध मोजावा. तो अत्यल्प असावा. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा करावा, विशेषतः पीटी-१०० च्या बाबतीत. नंतर दोन वाहकांमधील तसेच प्रत्येक वाहक व वाहनाचा सांगाडा यांमधील रोध मोजावा. तो मेगाओममध्ये असावा. नियंत्रक जोडलेला असताना उच्च व्होल्टेजचा मेगर वापरू नये.

८. भार असताना अर्थची कसोटी. कॉम्प्रेसर व पंखे चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि नियंत्रकाचे अर्थ यांमधील व्होल्टेज मोजावे. सेन्सरच्या अर्थसाठीही हेच करावे. ०.१ व्होल्टपेक्षा अधिक आकडा आल्यास जोड घासून स्वच्छ करून पुन्हा घट्ट करावा. प्रवाह बंद असताना घेतलेले रोधाचे माप येथे फसवे ठरते, कारण एकाच शाबूत तंतूवर टिकलेली तारही मीटरला निर्दोष वाटते.

येणारा-जाणारा दोष

वाहन उभे असताना सर्व आकडे बरोबर आणि खडबडीत रस्त्यावर मात्र चुकीचे, असे झाल्यास हलणाऱ्या जोडाचा संशय घ्यावा. रोधाचे माप सुरू ठेवून एका सहाय्यकाने तार हातभर अंतराने हळूवार हलवीत जावे. ज्या ठिकाणी आकडा उसळतो तेथे दोष असतो. दाराची बिजागरी, पत्र्यातून तार आत जाणारे छिद्र आणि इंजिनाजवळचा कनेक्टर या जागा विशेष पाहाव्यात. प्रवासात तापमान नोंदविणारे स्वतंत्र उपकरण मालासोबत ठेवल्यास दोषाची वेळ कळते व ती पाऊस, रस्ता किंवा थांब्याशी ताडून पाहता येते.

दुरुस्ती करताना

दोष सापडल्यानंतरची दुरुस्तीही तितकीच काळजीपूर्वक करावी. केवळ तार पिळून टेप गुंडाळणे टाळावे. योग्य मापाचा क्रिम्प किंवा डाख दिलेला जोड करून त्यावर आतून गोंद असलेली, तापविल्यावर आकसणारी नळी बसवावी. कळंक धरलेल्या पिना शक्यतो बदलाव्यात. कनेक्टरपूर्वी तारेला खालच्या बाजूस लहान वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी कनेक्टरमध्ये न जाता खाली ठिबकते. मोजमापासाठी तारेच्या आवरणात सुई टोचू नये. त्याच छिद्रातून पुढे ओलावा शिरतो. नवीन सेन्सर त्याच श्रेणीचा व मूळ जागीच बसवावा. दिसण्यात सारखा, पण वेगळ्या तक्त्याचा सेन्सर बसविल्यास नवा सेन्सरही सतत चुकीचे तापमान सांगत राहतो.

दोन गोष्टी सर्वथा टाळाव्यात. दाबाचा स्विच तार जोडून कायमचा वगळणे धोकादायक आहे. अतिदाबाच्या वेळी यंत्रणेला वाचविणारे संरक्षणच त्यामुळे नाहीसे होते. तसेच मोजमाप न करता गॅस भरू नये. बंद यंत्रणेत शीतक वायू इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि तो कमी झालेला नसेल तर जादा भरणा दाब वाढवून कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शीतवाहन किंवा शीतखोली चालविणाऱ्या गटाकडे डिजिटल मल्टिमीटर, स्वतंत्र तापमापक, १० व ३३ किलोओमचे रोधक आणि आपल्या सेन्सरचा तापमान-रोध तक्ता हे साहित्य असावे. प्लॅटिनम सेन्सर असल्यास १०० किंवा १००० ओमचा अचूक रोधक ठेवावा. तो जोडल्यावर पडद्यावर ० अंश दिसले पाहिजेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सेन्सरची बर्फाच्या पाण्यातील कसोटी घेऊन रोधाचा आकडा दिनांकासह वहीत नोंदवावा. पुढील वर्षीच्या आकड्याशी तुलना केल्यास हळूहळू वाढणारा दोष माल भरण्यापूर्वीच लक्षात येतो.

शेतीशाळा किंवा गटाच्या बैठकीत पाचवी व सहावी कसोटी प्रत्यक्ष करून दाखविल्यास ती चालक व मालभरणी करणाऱ्यांना सहज आत्मसात होते. बिघाड दुरुस्त करणे तंत्रज्ञाचे काम असले तरी 'रोधक जोडल्यावर आकडा बरोबर येतो, सेन्सर जोडल्यावर चुकतो' एवढी नेमकी माहिती गटाने दिली, तर तंत्रज्ञाचा वेळ वाचतो, अनावश्यक सुटे भाग बदलले जात नाहीत आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा माल एका गंजलेल्या पिनेपायी वाया जाण्याचे टळते.